डेव्हलपर टूलिंगमध्ये कारकीर्द करायची असेल, तर ओपन सोर्स योगदानाची सुरुवात कोणत्या टोकाकडून करावी?

बिल्डवाला (प्रश्न):

नमस्कार. मी गेली काही वर्षे एका मध्यम आकाराच्या कंपनीत सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करतो आहे. सुरुवात सर्वसाधारण बॅकएंडच्या कामाने झाली. पुढे बिल्ड (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधण्याची प्रक्रिया) मोडला, टेस्ट कारण नसताना लाल, म्हणजे अयशस्वी, झाल्या, नव्या सहकाऱ्याच्या मशीनवर प्रकल्प उभाच राहीना, अशी सगळी कामे हळूहळू माझ्याकडे येऊ लागली आणि ती मला आवडूही लागली. आता माझा बहुतेक वेळ सीआय (प्रत्येक बदलानंतर कोड आपोआप बांधून तपासणारी व्यवस्था), बिल्डच्या स्क्रिप्ट आणि आमच्या अंतर्गत कमांड लाइन टूलवर जातो. यापुढे याच क्षेत्रात राहावे, म्हणजे इतर प्रोग्रामर ज्याच्या आधाराने काम करतात ते सॉफ्टवेअर लिहावे, असे ठरवण्याच्या बेतात आहे.

ठरवण्याआधी जाणकारांना तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. पहिली अशी की, या कामाला स्वतंत्र कारकीर्द म्हणून कितपत भवितव्य आहे? आमच्याकडे त्याची गणना 'सपोर्ट'मध्ये होते आणि बढतीच्या चर्चेत उत्पादनावर काम करणाऱ्यांची नावे आधी येतात. दुसरी गोष्ट ओपन सोर्सची. या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे साधन ओपन सोर्स असल्यामुळे तिथे योगदान दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे सगळेच सांगतात. पण कोणता प्रकल्प निवडावा आणि नेमके काय करावे, हे कोणी सांगत नाही. मी काही प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनमधील टंकदोष दुरुस्त करून पाठवले, ते स्वीकारलेही गेले, पण त्या दुरुस्त्यांमुळे तो प्रकल्प मला आतून कळला असे म्हणता येणार नाही. तिसरी गोष्ट, या कामाचा परिणाम वरिष्ठांपुढे आकड्यांत कसा मांडावा?

लिंकर:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. मात्र डेव्हलपर टूलिंग या एका नावाखाली इतकी निरनिराळी कामे मोडतात की त्यांतले कोणते, हे ठरवल्याखेरीज त्या 'हो'ला फारसा अर्थ नाही. कम्पायलर (लिहिलेल्या कोडचे मशीनला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणारा), लिंकर, डीबगर, प्रोफायलर, बिल्ड सिस्टिम, पॅकेज मॅनेजर, व्हर्जन कंट्रोल, एडिटरमागचे लँग्वेज सर्व्हर (टाइप करताना सूचना आणि चुका पुरवणारे), कोड न चालवता त्यातील दोष शोधणारी साधने, सीआय, अशी ही यादी बरीच लांबवता येईल. डीबगरवर काम करणाऱ्याला ड्वार्फ या स्वरूपातील डीबग माहिती वाचता यावी लागते आणि ऑपरेटिंग सिस्टिम एका प्रोसेसला दुसरीवर ताबा कसा देते, हे बारकाईने ठाऊक असावे लागते. पॅकेज मॅनेजर लिहिणाऱ्याला आवृत्त्यांच्या परस्परविरोधी अटी जुळवाव्या लागतात, आणि हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे तो नेहमी झटपट सोडवणारी पद्धत कोणाला ठाऊक नाही. सगळ्या थरांचे थोडेथोडे जाणणारे लोक पुष्कळ असतात आणि कंपनीच्या आत ते उपयोगीही पडतात. बाहेर नाव होते ते मात्र एका थराचा तळ गाठलेल्या माणसाचे.

थर निवडताना आपले काम किती दूरवर पोहोचते हेही पाहावे. एके काळी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळे प्लगिन लागे, म्हणजे दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे जोडण्या. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल पुढे आणला आणि दोनशेचे गणित दहा अधिक वीस, म्हणजे तीसवर आले. आज एखाद्या भाषेच्या सर्व्हरमध्ये केलेली एक सुधारणा तो प्रोटोकॉल बोलणाऱ्या सगळ्या एडिटरांपर्यंत जाते. अर्थात लँग्वेज सर्व्हर लिहिणे म्हणजे कम्पायलरचा पुढचा भाग उचलून एडिटरला जोडणे, अशी जी समजूत दिसते ती खरी नाही. कम्पायलरपुढे येणारा कोड बहुधा पूर्ण असतो आणि चूक सापडली की थांबण्याची त्याला मुभा असते. सर्व्हरपुढचा कोड मात्र टाइप होत असल्यामुळे जवळजवळ सतत अर्धवट असतो, आणि कंस न मिटलेल्या त्या फाइलमधूनही अर्थ काढून, वाट पाहावी लागल्याचे जाणवणार नाही इतक्या वेळात उत्तर द्यावे लागते. पार्सिंगचा (कोडची रचना ओळखण्याचा) अभ्यास केवळ पुस्तकातून केलेल्यांना ही अडचण प्रथम याच ठिकाणी भेटते.

आपण आधीच बिल्डच्या बाजूला असल्यामुळे, माझ्या मते आपला थर तोच असावा. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेले मेक हे फाइल कधी बदलली त्या वेळेवरून काय पुन्हा बांधायचे ते ठरवते. गूगलने २०१५ मध्ये खुले केलेले बेझेल फाइलच्या मजकुराच्या हॅशवरून (मजकुरावरून काढलेल्या, ठशासारख्या आकड्यावरून) ठरवते, आणि शक्य तिथे प्रत्येक पायरीला अशा बंदिस्त जागेत चालवते की जाहीर न केलेली फाइल तिला दिसूच नये. या दोन पद्धतींच्या दरम्यान काय कमावले आणि त्यासाठी काय गमावले, हे ज्याला नीट सांगता येते त्याला 'माझ्या मशीनवर तर चालते' या तक्रारीचे मूळ शोधताना अंदाजावर विसंबावे लागत नाही.

याच थरातला एक विषय मी मुद्दाम सुचवतो, कारण तो शिकवतो खूप आणि त्यातले पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) लहान असतात. रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणजे तोच सोर्स, तीच साधने वापरून, वेगळ्या मशीनवर आणि वेगळ्या दिवशी बांधला तरी हाती येणारी बायनरी (बांधून तयार झालेली फाइल) शेवटच्या बिटापर्यंत तीच असणे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पात २०१३ पासून यावर पद्धतशीर काम चालू आहे. फरक पडण्याची कारणे वरवर क्षुल्लक दिसतात: बायनरीत कोरली गेलेली बिल्डची वेळ, डिरेक्टरीतील फाइल ज्या क्रमाने वाचल्या गेल्या तो क्रम, बिल्ड झाला त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, मशीनची भाषिक सेटिंग, हॅश टेबलमधील घटकांचा दर वेळी बदलणारा क्रम. वेळेपुरता उपाय म्हणून सोर्स डेट इपॉक नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवून दिलेले आहे, आणि एखाद्या टूलला ते मानायला लावणारा पॅच पुष्कळदा मोजक्या ओळींचा असतो. त्या मोजक्या ओळी कुठे लिहायच्या हे शोधताना मात्र सोर्सपासून पॅकेजपर्यंतची सगळी वाट पायाखालून जाते. टंकदोष दुरुस्त करताना जे कळले नाही असे आपण लिहिले आहे, ते या वाटेवर कळते.

दुसरे टोक इश्यू ट्रॅकरचे, म्हणजे प्रकल्पातील दोष नोंदवण्याच्या जागेचे. जीसीसी हा कम्पायलरचा प्रकल्प बग नोंदवणाऱ्याकडून काय मागतो ते एकदा वाचून पाहा. कम्पायलरची नेमकी आवृत्ती, सिस्टिमचा प्रकार, कम्पायलर बांधताना दिलेले पर्याय, वापरलेली संपूर्ण कमांड, त्यावर आलेले आउटपुट आणि प्रीप्रोसेस केलेली फाइल, इतके सगळे हवे असते. पुष्कळ नोंदींमध्ये यातले निम्मेही सापडत नाही आणि त्या तशाच पडून राहतात. अशी एखादी नोंद उचलावी, आपल्या मशीनवर दोष घडवून आणावा आणि मग तो लहान करत न्यावा. त्यासाठी सी-रिड्यूससारखी साधने आहेत, एलएलव्हीएम या कम्पायलर-संचासोबत एलएलव्हीएम-रिड्यूस येते. हजारो ओळींवर कोसळणारा कम्पायलर दहा ओळींवर कोसळताना दाखवला आणि गिट बायसेक्टने (दर वेळी उरलेल्या बदलांचे निम्मे करत दोषाचे मूळ शोधणाऱ्या कमांडने) तो कोणत्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) कोसळू लागला हे शोधले (हजार कमिटांतून सुमारे दहा पायऱ्यांत हे उरकते), की मेंटेनरचे (प्रकल्प सांभाळणाऱ्याचे) अवघड निम्मे काम झालेले असते. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कमिट करण्याचा अधिकार लागत नाही, आणि आपले नाव त्या प्रकल्पातील लोकांच्या लक्षात राहते.

प्रकल्प निवडताना गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील ताऱ्यांच्या (लोकांनी दिलेल्या पसंतीच्या) संख्येकडे पाहू नये. अलीकडे बाहेरून आलेल्या पॅचना उत्तर किती दिवसांनी मिळाले, पॅच नाकारताना कारण लिहिले गेले का, आणि एकच माणूस सगळ्यांना उत्तरे देतो आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. काही उत्तम प्रकल्प बाहेरचा कोड मुळात घेतच नाहीत. एसक्यूलाइट हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर सार्वजनिक स्वामित्वात आहे, कोणीही ते वापरावे. पण बाहेरून आलेले पॅच ते सहसा स्वीकारत नाहीत. हे आधी वाचून घेतले नाही तर श्रम वाया जातात.

साशंक:

वरील प्रतिसादातील तांत्रिक भाग मला मान्य आहे. ओपन सोर्समध्ये राबले की कारकीर्द आपोआप घडते, असा जो सूर अशा चर्चांमध्ये लागतो त्याला मात्र माझा आक्षेप आहे.

नोकरीच्या मुलाखतीत आपला पॅचचा इतिहास उघडून वाचणारे लोक थोड्याच ठिकाणी असतात. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना आपापल्या प्रोसेसरसाठी एलएलव्हीएम आणि जीसीसीमध्ये सतत भर घालावी लागते, त्यामुळे आर्म, इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांच्या कम्पायलर गटांत तो वाचला जातो. इगालियासारख्या, ओपन सोर्स प्रकल्पांतील काम हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा सल्लागार संस्थांमध्ये तो वाचला जातो. टूल विकणाऱ्या कंपन्यांतही वाचला जातो. इतरत्र, म्हणजे बहुसंख्य ठिकाणी, मुलाखत घेणारा आपल्याला तीच ठरावीक कोडी घालतो. तेव्हा आपल्याला यांपैकी कुठे जायचे आहे हे आधी ठरवावे आणि मगच आपल्या संध्याकाळी कुठे घालवायच्या ते ठरवावे.

संख्येच्या मागे लागू नये, हे वेगळे सांगायला नको होते. पण २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्स योगदानाला उत्तेजन देणाऱ्या दर ऑक्टोबरच्या उपक्रमात) एका टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा) असा पूर आला की आयोजकांना, प्रकल्पाने स्वतः सहभाग कळवला असेल तरच तेथील योगदान मोजायचे, असा नियम महिना संपायच्या आत करावा लागला. त्या पुरातील प्रत्येकाच्या गिटहब प्रोफाइलवर योगदानाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन उमटले असतीलच.

पैशाचे म्हणाल, तर जगाचा डोलारा ज्यावर उभा आहे अशा लायब्ररी सांभाळणाऱ्यांना त्यातून पोट भरता येईल याची खात्री नसते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष उघड झाल्यावर लिनक्स फाउंडेशनने अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला, जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी निधीतून सॉव्हरिन टेक फंड सुरू केला, गिटहबने २०१९ मध्ये प्रायोजकत्वाची सोय केली. हे सगळे स्वागतार्ह आहे. त्याच्या भरवशावर नोकरी सोडण्याचा सल्ला मात्र मी कोणाला देणार नाही.

आणखी दोन कायदेशीर बाबी आहेत, ज्यांबद्दल अभियंते फार उशिरा विचार करतात. पहिली म्हणजे आपला नोकरीचा करार. कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या मशीनवर लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगणारे कलम काही करारांत असते, आणि तसे असेल तर कंपनीची लेखी संमती घेतल्याशिवाय पॅच पाठवू नये. लिनक्स कर्नलने २००४ मध्ये आणलेल्या प्रमाणपत्रानुसार पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लिहिताना आपण नेमके हेच जाहीर करत असतो की हा कोड देण्याचा मला अधिकार आहे. जीसीसीने अनेक वर्षे कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून मागितला. २०२१ पासून तिथेही ही ओळ चालते. दुसरी बाब परवान्याची. काही कंपन्या योगदान घेण्यापूर्वी असा करार करून घेतात की पुढे परवाना बदलण्याची मुभा त्यांच्याकडे राहते. टेराफॉर्म या सर्व्हर वगैरे यंत्रणा उभारण्याच्या साधनाचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला, तेव्हा बाहेरच्यांनी दिलेला कोडही त्या बदलासोबत गेला, आणि नाराज मंडळींना जुन्या आवृत्तीवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प उभारावा लागला. कोणत्या कागदावर सही करतो आहोत, ते वाचावे.

रिव्ह्यूकार:

मी एका मध्यम आकाराच्या टूलच्या मेंटेनरांपैकी एक आहे. लिंकर यांच्या यादीत एक भर घालतो. आमच्याकडे कोडची टंचाई नाही, तो वाचणाऱ्यांची आहे. नवख्या माणसाने दुसऱ्याचा पॅच वाचून, तो स्वतः बांधून, चालवून पाहून 'अमुक परिस्थितीत हा मोडतो' एवढे जरी लिहिले तरी ते दहा नव्या फीचरांपेक्षा मोलाचे असते. लिनक्स कर्नलच्या कमिटांमध्ये कोड लिहिणाऱ्यासोबत तो तपासणाऱ्याचे, चालवून पाहणाऱ्याचे आणि दोष कळवणाऱ्याचे नावही वेगळ्या ओळीत नोंदले जाते, त्यामागे हाच हिशेब आहे.

बिल्डच्या कामाला कमी लेखणाऱ्यांना मी एक्सझेड युटिल्सचे प्रकरण वाचायला सांगतो. सर्वत्र वापरली जाणारी ही कॉम्प्रेशनची लायब्ररी प्रामुख्याने एकटा, थकलेला मेंटेनर सांभाळत होता. २०२१ पासून एका खात्याने नेटके पॅच पाठवून विश्वास कमावला, कामाचा वेग वाढवा म्हणून इतर अनोळखी खात्यांनी मेंटेनरवर दबाव आणला, आणि अखेर त्या खात्याच्या हाती रिलीज करण्याचा अधिकार आला. २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून मागचे दार (गुपचूप प्रवेश देणारा कोड) बसवले गेले. ते सापडले कसे, तर पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दूरच्या मशीनवर) लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, त्याआधी व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाने दाखवलेल्या विचित्र चुकाही त्यांच्या लक्षात होत्या, आणि त्यांनी तो धागा सोडला नाही. आता यातला आपल्या विषयाचा भाग पाहा. घातक कोड टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलमध्ये दडवलेला होता आणि त्याला जागे करणारी ओळ बिल्डच्या एका एमफोर मॅक्रोमध्ये (बिल्डची स्क्रिप्ट तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तुकड्यात) होती. तो बदललेला मॅक्रो रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) होता, गिटच्या रिपॉझिटरीमध्ये (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) नव्हता. रिपॉझिटरी कितीही डोळ्यांत तेल घालून वाचली असती तरी ती ओळ कोणाला दिसली नसती. बिल्डच्या स्क्रिप्ट कोणी वाचत नाही, हे हल्लेखोराला पक्के ठाऊक होते.

या घटनेनंतर 'टारबॉल रिपॉझिटरीतूनच बनला आहे हे पडताळता आले पाहिजे' ही मागणी पूर्वीपेक्षा पुष्कळ गांभीर्याने घेतली जाते. ते काम करणारी माणसे हवी आहेत, आणि त्यांना बिल्ड समजत असावा लागतो.

बिल्डवाला:

सर्वांचे मनापासून आभार. साशंक यांनी सांगितल्याप्रमाणे करार काढून वाचतो. दोन उपप्रश्न आहेत. कामाच्या वेळेतला थोडा भाग ओपन सोर्ससाठी मिळावा, हे व्यवस्थापकांना कोणत्या युक्तिवादाने पटते? 'समाजाचे ऋण' वगैरे सांगून पाहिले आहे, त्यावर ते हसून मान डोलावतात आणि तिथेच विषय संपतो. दुसरे, कोड लिहून देणारी एआय साधने आल्यावर या क्षेत्राचे काय होईल, असे आपल्याला वाटते? आणि आकड्यांचा माझा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे.

मोजपट्टी:

आकड्यांबद्दल मी लिहितो, कारण माझे काम तेच आहे.

सगळे जण बिल्डच्या सरासरी वेळेपासून सुरुवात करतात. दोनशे अभियंते, प्रत्येकाचे दिवसाला दहा बिल्ड आणि प्रत्येक बिल्डमागे तीन मिनिटांची बचत धरली, तर दिवसाला सहा हजार मिनिटे, म्हणजे शंभर तास वाचतात. हे गणित सादरीकरणात शोभून दिसते, पण चाणाक्ष व्यवस्थापक लगेच विचारतो की ही तीन मिनिटे लोक खरोखर बसून घालवत होते का. आणि त्याचे विचारणे रास्त आहे. बिल्ड बारा मिनिटांवरून नऊवर आला तर माणूस दोन्ही वेळा दुसऱ्या कामाकडे वळतो, फरक फारसा पडत नाही. तीच तीन मिनिटे चारवरून एकवर आणताना वाचली, तर तो जागेवरून हलत नाही आणि डोक्यातला विचार तुटत नाही. म्हणून सरासरीऐवजी, किती टक्के बिल्ड एका ठरावीक मर्यादेच्या आत संपतात, हे मोजावे. मर्यादा कोणती, ते आपल्या लोकांचे काम पाहून ठरवावे.

याहून पटकन समजणारा आकडा बेभरवशाच्या टेस्टचा असतो. समजा, प्रत्येक टेस्ट कोडमध्ये दोष नसतानाही हजारात एकदा लाल होते. एका टेस्टकडे पाहिले तर हे प्रमाण नगण्य वाटते. पण एका फेरीत अशा एक हजार टेस्ट एकमेकींशी संबंध नसताना चालत असतील, तर संपूर्ण फेरी हिरवी येण्याची शक्यता ०.९९९ चा हजारावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के उरते. शंभरातल्या त्रेसष्ट फेऱ्या विनाकारण लाल. मग लोक कारण न वाचता 'पुन्हा चालवा' हे बटण दाबायला शिकतात, आणि ज्या दिवशी टेस्ट खऱ्या दोषाने लाल होते त्या दिवशीही तेच बटण दाबले जाते. तोच कमिट पुन्हा चालवल्यावर हिरवा झाला, अशा फेऱ्या मोजा. त्यासाठी नवे काही उभारावे लागत नाही, सीआयच्या नोंदींमध्ये ही माहिती आधीच असते. या एका आकड्यावरून 'सपोर्ट' हा शब्द मागे पडलेला मी पाहिला आहे.

लिहिलेल्या ओळी, मिटवलेले इश्यू, कमिट यांची संख्या मात्र कधीही पुढे करू नये. टूलिंगमधले उत्तम काम पुष्कळदा कोड काढून टाकण्याचे असते, त्यामुळे या मोजणीत आपणच उणे ठरतो.

लिंकर:

व्यवस्थापकांना ऋणाची भाषा पटत नाही याचे नवल नाही, त्यांना खर्चाची भाषा पटते. आपल्या कंपनीत बाहेरच्या टूलची स्वतःची बदललेली प्रत नक्की असेल. कोणीतरी कधीतरी एक पॅच मारलेला असतो आणि तो कशासाठी मारला हे सांगणारा माणूस निघून गेलेला असतो. मूळ टूलची नवी आवृत्ती आली की तो पॅच पुन्हा बसवावा लागतो, मधला कोड बदललेला असेल तर नव्याने लिहावा लागतो, आणि हे टाळण्यासाठी लोक जुन्याच आवृत्तीवर राहतात, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. अशा पॅचची यादी करा, प्रत्येकामागे दर आवृत्तीला किती वेळ जातो ते लिहा आणि मग सांगा की हा पॅच मूळ प्रकल्पात गेला तर हा खर्च कायमचा संपेल. मूळ प्रकल्पात तो घालण्यासाठी लागणारा वेळ यापुढे कामाचाच वेळ ठरतो. आपला पहिला खरा पॅचही त्या यादीतच मिळेल. त्याची गरज खरी आहे हे आपण पुराव्यासह सांगू शकता, आणि हौसेने शोधलेल्या इश्यूपेक्षा अशा पॅचकडे मेंटेनर जास्त लक्ष देतात.

एआयबद्दल भाकीत करण्याच्या फंदात मी पडत नाही. आज दिसते ते एवढेच की कोड तयार होण्याचा वेग वाढला आणि तपासणाऱ्यांची संख्या तेवढीच राहिली, त्यामुळे रिव्ह्यूकार म्हणतात ती टंचाई आणखी तीव्र झाली आहे. कर्ल या इंटरनेटवरून डेटा ने-आण करणाऱ्या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी, दिसायला व्यवस्थित पण आत काहीच तथ्य नसलेल्या सुरक्षा अहवालांनी त्यांच्या गटाचा किती वेळ खाल्ला, हे जाहीरपणे लिहिले आहे. अशा परिस्थितीत दोष खरोखर घडवून दाखवणारा आणि तो बारीक करून देणारा माणूस वेगळा उठून दिसतो. या साधनांनी लिहिलेला कोडदेखील शेवटी कम्पायलर, टेस्ट आणि सीआय यांतूनच जातो, त्यामुळे निदान आपल्या थराचे काम कमी होईल अशी चिन्हे मला दिसत नाहीत.

पॅच पाठवताना कमिटच्या संदेशात काय बदलले हे थोडक्यात आणि का बदलले हे सविस्तर लिहावे, कारण काय बदलले ते डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसतेच. दोष कोणत्या आवृत्तीपासून आहे, कोणाला भोवतो, दुसरा कोणता उपाय विचारात घेतला आणि तो का सोडला, एवढे त्यात आले पाहिजे. लेखन अलंकारिक असण्याची कोणाचीच अपेक्षा नसते, पायऱ्या नीट क्रमाने असल्या की झाले. बदल मोठा असेल तर आधी इश्यू उघडून दिशा मान्य करून घ्यावी. आणि शक्य असेल तर आधी फक्त दोष दाखवणारी टेस्ट एका कमिटमध्ये, दुरुस्ती दुसऱ्या कमिटमध्ये ठेवावी, म्हणजे तपासणाऱ्याला पहिल्या कमिटवर लाल आणि दुसऱ्यावर हिरवे स्वतः पाहून घेता येते. काही प्रकल्पांना मात्र प्रत्येक कमिटवर सगळ्या टेस्ट हिरव्या लागतात, नाहीतर बायसेक्ट बिघडतो. तिथे टेस्ट पहिल्या कमिटमध्ये 'अपेक्षित अपयश' अशी खूण करून घालावी आणि दुरुस्तीच्या कमिटमध्ये ती खूण काढावी.